कोरेअप्पा आणि त्या गावची माकडं

कोरेअप्पा कधी दात दाखवून हसले नाहीत. हसू आलं की ओठ घट्ट मिटून घ्यायचे, मग नुसते खांदे हलायचे आणि डोळ्यांत पाणी यायचं. आमच्या नांदेडच्या संस्थेत कुणाच्या लग्नाचा, कुणाच्या निरोपाचा ग्रुप फोटो असला की बाकी सगळे बत्तिशी काढून उभे आणि मधे अप्पा, कोर्टात साक्षीला आणल्यासारखे. नवीन माणसाला वाटायचं, यांचे दात तरी किडके असतील नाहीतर स्वभाव तरी. मलाही तसंच वाटलं होतं. खरं कारण त्यांनी मला पहिल्याच दिवशी माकडांच्या खोलीच्या दारात अडवून सांगितलं.

"माय, आत गेल्यावर हसायचं न्हाई. माकडाला दात दिसले का तेला वाटतंय, ह्ये आता चावनार. आपन लाडानं हसतो, आन् त्ये बिचारं भिऊन राहिलेलं असतंय."

मी नवी होते आणि जिभेला हाड नव्हतं. विचारलं, "आणि रडलं तर चालतं का?"

"रडायला काय, खुशाल रडावं," अप्पा म्हणाले. "पन घरी जाऊन."

मी तेव्हा बी.एस्सी. होऊन नुकतीच तंत्रज्ञ म्हणून लागले होते. संस्थेचं नाव लिहीत नाही, आणि ज्यांना ठाऊक आहे त्यांनीही ते बोलू नये अशी विनंती आहे. नवं औषध माणसाला देण्याआधी जनावरावर तपासायचं, हे तिथलं काम. पुढच्या इमारतीत उंदीर आणि ससे होते. मागच्या बाजूला पत्र्याच्या लांब खोलीत माकडं, लाल तोंडाची. त्या सगळ्यांचे डॉक्टर म्हणजे मन्मथ कोरे. नावामागं डॉक्टर लागायचं ते फक्त पगाराच्या दिवशी. एरवी शिपायापासून संचालकांपर्यंत सगळ्यांचे ते अप्पाच.

अप्पा मूळचे उदगीरकडचे, देवणीचे. घरी देवणी जातीची जनावरं, गळ्यात इष्टलिंग, कपाळाला भस्म. परभणीला जनावरांची डॉक्टरकी शिकले आणि नोकरीसाठी नांदेडला आले. लातूर नवा जिल्हा झाला तेव्हा सगळे त्यांचं अभिनंदन करत होते, जसं काही त्यांनीच तो मंजूर करून आणला. अप्पांनी पेढा घेतला आणि म्हणाले, "रातीतून आमचं गाव उस्मानाबादचं लातूरचं झालं. हिरीचं पानी मातर व्हतं तितकंच खोल हाय." माकडांना ते कानडीत हाक मारायचे, "बा, बा," म्हणजे ये, ये. मराठीत का नाही, असं मी विचारलं तर म्हणाले, मराठीत आपण लोकांवर ओरडतो, तो सूर त्यांना कळतो.

त्यांचा एक नियम होता: "आधी भूल, मग शास्त्र." सुई टोचून रक्त घेण्यापलीकडचं काहीही करायचं असेल तर जनावर पूर्ण भुलीखाली गेलं पाहिजे. अप्पा त्याच्या पायाच्या बोटांमधे चिमटा घ्यायचे, पापणीला बोट लावून बघायचे, आणि मगच टेबलापासून बाजूला व्हायचे. बाहेरून आलेला एक तरुण डॉक्टर घाईत होता, म्हणाला, "अहो, झोपलंय ते." अप्पा हललेच नाहीत. "झोपलंय आन् भुलीत हाय, ह्याच्यात फरक हाय, डाक्टर. तुमाला झोपेत कापलं तर चालंल का?" डॉक्टर लाल झाला आणि थांबला.

कुणाला वाटेल, हा माणूस असल्या प्रयोगांच्या विरोधात असेल. अजिबात नाही. त्यांचा धाकटा भाऊ पोलिओनं एका पायानं लंगडा होता. भावाच्या मुलांना मात्र डोस मिळाले आणि ती धडधाकट झाली. "ती लस बनवायला माकडंच लागली," अप्पा म्हणायचे. "माझी पुतनी जिना चढती, तवा मला तेंची याद येती. ज्याचं खाल्लं त्याला नाव ठेवायचं न्हाई. पन ज्याचं खाल्लं त्याला इसरायचं बी न्हाई." एरवी कमी बोलणारा माणूस, पण या विषयावर निघाला की चहा गार होईपर्यंत बोलायचा.

मी लागले तेव्हा प्रत्येक माकड एकेकट्या पिंजऱ्यात असायचं. हिशेबाला सोपं जातं, असं संचालकसाहेबांचं म्हणणं. साहेब वाईट माणूस नव्हते. हुशार, स्वच्छ, वेळेवर येणारे, आणि कामाच्या पलीकडे काही न बघणारे. एक माकड स्वतःचंच मनगट चावून चावून हाडापर्यंत गेलं, तेव्हा अप्पा मला सोबत घेऊन त्यांच्या केबिनमधे गेले.

"सायेब, एकट्यानं ठिवलं का त्ये सोताचा हात खातंय. मंग आपन औषध तपासून राहिलो का तेचा एकांत?"

साहेबांना हे पटलं, कारण अप्पांनी दयेची गोष्ट शास्त्राच्या कपड्यात नेली होती. जोड्या झाल्या. अप्पा भुशात ज्वारीचे दाणे मिसळून पिंजऱ्यात टाकायचे, म्हणजे दिवसभर निवडत बसायला काम. माकडं एकमेकांच्या केसांतून बोटं फिरवत बसायची. ती खोली चांगली झाली असं मी म्हणणार नाही. पिंजरा तो पिंजराच. पण आत गेल्यावर पूर्वीसारखी छातीत कळ येत नसे.

मग लागोपाठ दोन पावसाळे कोरडे गेले. नांदेडातसुद्धा घागरींच्या रांगा लागल्या, आणि मुखेडकडच्या डोंगरातली माकडं पाण्यासाठी गावांत उतरली. अशाच एका गावाहून माणसं संस्थेत आली. गावाला दिवसाआड एक टँकर यायचा आणि माकडं बायकांच्या हातातल्या घागरी ओढायची. एका लेकराला चावली होती. पण त्यांना मारायचं गावाच्या मनात येणं शक्य नव्हतं. त्या गावात माकड मेलं तर त्याला माती दिल्याशिवाय एकाही घरात चूल पेटत नसे. मारुतीचं सैन्य ते. गावानं एवढंच मागितलं, की धरून न्या आणि लांब, जिथं पाणी असेल तिथं सोडा.

साहेबांनी अप्पांना बोलावून सांगितलं, "धरून आणा. किनवटच्या जंगलात सोडू." मी त्या वेळी केबिनमधेच होते. हे शब्द मी माझ्या कानांनी ऐकले आहेत.

आम्ही पिंजरे लादलेला ट्रक घेऊन गेलो. मला न्यायचं कारण, धरलेल्या माकडांना क्षय तर नाही ना, याची तपासणी करायची होती. अप्पांनी मारुतीच्या देवळामागं मोठा जाळीचा पिंजरा लावला, आत पाण्याचं घमेलं आणि शेंगा ठेवल्या. तहानलेली माकडं एकामागून एक आत आली. सगळ्यांत पुढं एक म्हातारी मादी, एक कान फाटलेली. देवळात फुटलेल्या नारळाचा पहिला तुकडा तिचा, असा तिथला रिवाज होता, आणि गाव तिला कानफाटी म्हणायचं. ती आत गेली म्हणून बाकीची गेली. अख्खी टोळी सापडली.

दुसऱ्या दिवशी निघताना गावानं पिंजऱ्यांना हळदकुंकू लावलं. हलगी वाजवली. बायकांनी प्रवासाला म्हणून भाकरी बांधून दिल्या, दुष्काळात, स्वतःच्या तोंडातला घास काढून. गयाबाई म्हणून गुरवाची विधवा होती, देवळात दिवाबत्ती करायची. ट्रक सुरू झाला तशी ती आडवी आली.

"डाक्टर, कुटं सोडनार?"

"किनवटच्या जंगलात, माय."

"तुमच्या गळ्यात लिंग हाय. तेच्यावर हात ठिवून सांगा."

लिंगायत माणूस इष्टलिंगावर हात ठेवून सहजासहजी काही बोलत नाही. ते लिंग जन्मभर अंगावर असतं आणि मेल्यावर हातात देतात. अप्पांनी सदऱ्यात हात घातला, डोळे मिटले आणि जबान दिली. ते खोटं बोलत नव्हते. साहेबांवर त्यांचा विश्वास होता, आणि माझाही.

नांदेडला आल्यावर साहेब म्हणाले, परवानगी यायची आहे, तोवर इथंच ठेवा. आठवडे गेले. अप्पा रोज विचारायचे, साहेब रोज सांगायचे, येईल. साहेबांच्या मनात पहिल्यापासूनच काही होतं की परवानगी लांबली म्हणून नंतर आलं, मला आजही ठरवता येत नाही. त्या दिवसांत कानफाटीला अप्पांची ओळख झाली. ते पिंजऱ्याशी आले की ती गजांतून हात काढून त्यांचं बोट धरायची आणि बाकीची टोळी तिच्याकडं बघून शांत व्हायची.

मग संस्थेकडं नवं काम आलं. पिकावर फवारायच्या विषानं शेतमजूर मरत होते, त्यावर एक उतारा तपासायचा होता. काही माकडांना विष आणि उतारा द्यायचा, काहींना नुसतं विष, काहींना काहीच नाही. माकडं कुठली घ्यायची, हा प्रश्न साहेबांना पडलाच नाही.

अप्पा केबिनमधून बाहेर आले तेव्हा त्यांच्या कपाळावरचं भस्म घामानं ओघळलं होतं. मी आतलं सगळं ऐकलं होतं, आवाज कुणाचाच चढला नव्हता. अप्पा म्हणाले होते, "सायेब, मी लिंगावर हात ठिवला व्हता." आणि साहेब म्हणाले होते, "अप्पा, तुमचा शब्द मोठा की शेतात तडफडून मरणारी माणसं?" साहेबांनी तो प्रश्न उगाच विचारला असता तर आम्हाला निदान त्यांचा राग तरी करता आला असता.

अप्पांनी मग फक्त भूल मागितली. ज्यांना नुसतं विष जाणार, ती तडफडायला लागली की त्यांना भुलीनं शांत करू द्या. साहेब म्हणाले, जीव केव्हा जातो तेच तर बघायचंय. भूल दिली तर आकडाच खोटा होईल. अप्पांचा एवढ्या वर्षांचा नियम त्या एका वाक्यानं मोडला.

प्रयोगाचं वर्णन मी करणार नाही. ज्यांनी विषबाधेचा रोगी पाहिला आहे त्यांना कळेल, आणि ज्यांनी पाहिला नाही त्यांनी कल्पना करू नये. उतारा मिळालेल्यांतली काही सावरताना दिसली, हेही खरं आहे, आणि ते पाहून मला आनंद झाला होता, हेही. नुसतं विष मिळालेल्यांत कानफाटी होती. सकाळी तिला डोस गेला. दुपारपर्यंत तिच्या तोंडाला फेस आला होता, हातपाय आखडत होते, आणि ती मरत नव्हती. खोलीतली बाकीची माकडं आपापल्या पिंजऱ्याच्या कोपऱ्यात दाटीनं बसून गप्प बघत होती.

अप्पा घड्याळ बघत उभे होते. मग त्यांनी कपाट उघडलं, भुलीच्या औषधाच्या बाटल्या काढल्या आणि मला म्हणाले, "माय, तू बाहीर जा. तुझ्यावर येऊ नये." मी गेले नाही. त्यांनी गजांतून हात घातला, म्हणाले, "बा, बा." कानफाटीला सरकता येत नव्हतं, पण तिनं हात उचलला आणि त्यांचं बोट धरलं. अप्पांनी दुसऱ्या हातानं सुई दिली, झोपवण्याइतकी नव्हे, संपवण्याइतकी. मग शेजारच्या पिंजऱ्यात. मग त्याच्या शेजारी. नुसतं विष मिळालेलं एकही जनावर त्यांनी मागं ठेवलं नाही.

हे ज्याला वाटेल त्यानं धाडस म्हणावं. साहेब आले, त्यांनी पिंजरे बघितले आणि ते खुर्चीवर बसले. ओरडले नाहीत. "अप्पा, तुम्ही काय केलंत ते कळतंय का तुम्हाला?" ते म्हणाले. "आता यातला एकही आकडा हिशेबात धरता येणार नाही. उतारा तर सोडता येत नाही, माणसं मरतायत. म्हणजे हे सगळं पुन्हा करावं लागणार. तेवढीच माकडं पुन्हा."

अप्पांचा चेहरा मी कधी विसरणार नाही. तडफड थांबवायच्या नादात आपण तेवढीच तडफड दुसऱ्या कुणाच्या तरी वाट्याला लिहून ठेवली, हे त्यांच्या ध्यानातच आलं नव्हतं. माझ्याही आलं नव्हतं. साहेबांनी त्यांना काढून टाकलं नाही. एवढंच म्हणाले, "चार दिवस घरी जा. विचार करा."

अप्पा घरी गेले नाहीत. दुसऱ्या दिवशी माझ्या दारात येऊन म्हणाले, "माय, त्या गावाला जाऊन येतो. जबान दिली तवा तू संगं व्हतीस. आता बी चल."

मी त्यांना परोपरीनं सांगितलं, जाऊ नका. त्या लोकांना वाटतंय, माकडं जंगलात सुखात आहेत. वाटू द्या. कुणाचं काय बिघडतंय? अप्पा म्हणाले, "तेंचं न्हाई बिघडत. तिथं मेलेल्याला माती दिल्याबिगर चूल पेटत न्हाई. आन् मी तेंना रोज पेटवू देऊन राहिलो."

गाव मारुतीच्या देवळापुढं जमलं. अप्पांनी पायऱ्यांखाली उभं राहून सगळं सांगितलं. साहेबांचं नाव त्यांनी घेतलं नाही, "आमी" म्हणाले. कुणीतरी शिवी देईल, दगड उचलेल, म्हणून मी अंग चोरून उभी होते. तसं काही झालं नाही. पुरुष खाली बघत होते. एका घरातून धूर येत होता, तिथली चूल कुणीतरी जाऊन विझवली. दारी आलेल्याला आधी तांब्याभर पाणी देणारं गाव ते, दुष्काळातसुद्धा. आम्हाला कुणी पाणी विचारलं नाही.

माती द्यायला गावानं प्रेतं मागितली. अप्पा म्हणाले, विषाची होती, जाळावी लागली. मग पुरुषांनी न्हाव्याला बोलावलं आणि देवळापुढं बसून एकेकानं डोकं भादरून घेतलं. लिंगायतांत सुतक पाळत नाहीत. माणूस मेला तरी पाळत नाहीत, तो शिवात गेला म्हणतात. अप्पा ते सगळं बघत होते. रांगेतला शेवटचा माणूस उठला तेव्हा ते पुढं झाले आणि न्हाव्यापुढं मान वाकवून बसले. न्हाव्यानं गावाकडं बघितलं. कुणी हो म्हटलं नाही, नाही म्हटलं नाही. त्यानं वस्तरा लावला.

त्यानंतर एका म्हाताऱ्यानं विचारलं, "समदी गेली का?"

"न्हाई. थोडी हायत."

"मंग ती तरी आनून सोडा."

अप्पा म्हणाले, "आता सोडून बी चालत न्हाई, बाबा. टोळी मोडली. डोंगरावर आता दुसरी टोळी आली आसंल. चार-दोन सोडली तर ती फाडून खातील तेंना." आणि मग म्हणाले, "मी आता कशाचीच जबान देत न्हाई."

गयाबाई इतका वेळ देवळाच्या खांबाला टेकून बसली होती. तिनं विचारलं, "कानफाटी?"

"ती बी."

"मरताना तिच्याजवळ कुनी व्हतं का?"

"मी व्हतो."

"वळखलं का तिनं तुमाला?"

मला वाटलं, आता तरी हा माणूस म्हातारीच्या समाधानासाठी काहीतरी बरं बोलेल. वेदना झाली नाही म्हणेल, शांत गेली म्हणेल. ते म्हणाले, "वळखलं. बोट धरलं माझं."

गयाबाईनं पदर तोंडाला लावला. "मंग तर लई वाईट झालं, डाक्टर," ती म्हणाली, आणि उठून देवळात गेली.

आम्ही चालत फाट्यावर आलो आणि मिळेल त्या गाडीनं मुखेडला पोचलो. स्टँडवर उदगीरची एस.टी. लागलेली होती. तिथून देवणी जवळ. अप्पांच्या घरी जनावरं होती, चारा छावण्यांना डॉक्टर हवेच होते, आणि नांदेडला परत जाण्यासारखं त्यांचं काही उरलं आहे असं मला वाटत नव्हतं. मी त्यांची पिशवी हातात दिली आणि म्हटलं, "अप्पा, जा तुम्ही. साहेबांना मी सांगते."

त्यांनी उदगीरच्या गाडीकडं पाहिलं. नुकतं भादरलेलं डोकं उन्हात पांढरंफटक दिसत होतं.

"सायेब ह्ये पुन्ना करनार, माय," ते म्हणाले. "करावंच लागंल तेंना. ह्या बारीला किती येळ बघायचं आन् कवा भूल द्यायची, ते आधी ठरवून घ्यायचं हाय. आधीच ठरलं तर आकडा खोटा व्हनार न्हाई, तिसऱ्यांदा करावं लागनार न्हाई. मी न्हाई गेलो तर ते कोन ठरवंल?"

"आणि साहेबांनी ऐकलं नाही तर?"

"तर ज्यांना डोस जाईल तेंच्यापाशी उभं ऱ्हायला कोन हाय तिथं? तू हायस. तू एकटी कामून ऱ्हाशील?"

माझ्या डोळ्यांत पाणी आलं, आणि ते घरी जाऊन नव्हे, तिथंच स्टँडवर आलं. उदगीरची गाडी निघून गेली. थोड्या वेळानं नांदेडची लागली. अप्पा आधी चढले, खिडकीजवळची जागा मला दिली, आणि कंडक्टर आला तेव्हा त्यांनी पैसे काढून त्याच्या हातात ठेवले.

"दोन नांदेड," ते म्हणाले.